नवीन टर्बो हॅचबॅक, १,९०० किमी आणि "अण्णा, चुकलं का माझं?"

गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या पोराचा भला मोठा मेसेज आला. पाडव्याला त्यानं ह्युंदाई आय२० एन लाईन घेतली, सहा गिअरची मॅन्युअल, आत्ता १,९०० किमी झालेत. आधी घरात वडलांची १.३ डिझेल स्विफ्ट होती, त्यावरच तो गाडी शिकला. आता त्याचं म्हणणं असं की गाडी दिसायला झकास आहे पण प्रत्येक खड्ड्याला कंबरेत दणका बसतो, १२० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर) म्हणतात पण गावात ओढतच नाही, दुपारी तर अजूनच मरगळते, मायलेज ११ च्या वर जाईना, सकाळी चालू केली की इंजिन टिकटिक वाजतं, आणि वडील रोज जेवताना विचारतात की एवढे पैसे घालून काय मिळवलंस. शेवटी एक ओळ, "अण्णा, चुकलं का माझं?" आणि त्याखाली अजून एक प्रश्न, रिमॅप करून घेऊ का, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेऊ का.

माझं अक्कलकोट रोडला गॅरेज आहे, २३ वर्षं झाली. आणि मी स्वतःही गेल्या दसऱ्याला हीच गाडी घेतलीय, हीच मॅन्युअल, ७,४०० किमी झाले. त्यामुळं रविवारी त्याला गाडी घेऊन बोलावलं. अर्धं तिथंच दाखवलं, बाकीचं नीट लिहून देतो म्हणालो, ते हे. असल्या गाड्या आता आपल्याकडं बऱ्याच दिसायला लागल्यात आणि पहिल्या दोन महिन्यात सगळ्यांचं साधारण असंच होतं, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितोय.

तर नाही, चुकलं नाही. तू फक्त नव्या गाडीत बसून अजून वडलांची स्विफ्ट चालवतोयस. हे तुला रागावून म्हणत नाही, माझंही पहिले दीड महिना तेच झालं होतं, दहा-पंधरा वर्षांची पायाची सवय असते, ती चावी बदलली म्हणून बदलत नाही.

आधी दणक्याचं बघू, कारण त्यावरच तू सगळ्यात जास्त वैतागला होतास. रविवारी तू पावणेसातला आलास तेव्हा मी लगेच गेज लावलं नाही, आठवतंय ना, गाडी लिंबाखाली लावली, चहा घेतला, तास-सव्वा तास गप्पा मारल्या आणि मग व्हॉल्व्हची टोपी काढली. कारण घरनं सात-आठ किमी येईपर्यंत टायर गरम होतो, गरम टायरमधली हवा फुगते, तीन-चार पीएसआय जास्त दाखवते. तरी थंड झाल्यावर पुढचा डावा निघाला ४१, उजवा ४२, मागचे दोन्ही ४०. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर जो स्टिकर आहे त्यापेक्षा सात-आठनं जास्त! म्हणजे दोन महिने तू दगडावर बसून फिरत होतास.

हे कसं होतं तर गाड्या यार्डात महिना महिना एकाच जागी उभ्या असतात, तेव्हा टायर एका बाजूला चपटा पडू नये म्हणून हवा जास्त भरून ठेवायची पद्धत आहे. डिलिव्हरीच्या आधी ती उतरवून बरोबर करायची असते, ते काम राहून जातं. माझ्याही गाडीत राहिलं होतं, मला घरी नेल्यावर कळलं. आणि एन लाईनमध्ये सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक ठेवलेलंच आहे, त्यात ही एवढी हवा, मग कंबर कशी राहील. आपण चारही चाकांची हवा स्टिकरप्रमाणं केली आणि गल्लीतल्या त्याच स्पीडब्रेकरवरनं तू गाडी नेलीस. पुढं जाऊन थांबलास, काही बोलला नाहीस, रिव्हर्स घेतलीस आणि पुन्हा नेलीस. ते बघूनच मला उत्तर मिळालं.

आता एक गोष्ट मान्य कर, तरीही ही गाडी स्विफ्टसारखी मऊ कधीच होणार नाही. तुझ्या जुन्या गाडीला १८५/६५ आर१५ टायर होते, म्हणजे टायरची भिंत १८५ च्या ६५ टक्के, साधारण १२० मिमी. हिला १९५/५५ आर१६, म्हणजे भिंत १०७ मिमी. खड्डा आला की पहिला मार ही रबराची भिंतच खाते, ती १३ मिमीनं कमी झाली की तो मार तेवढा आत येतो. पण तीच भिंत वळणावर कमी लचकते म्हणून स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. दोन्ही गोष्टी एकाच टायरमधनं येतात, एक घ्यायची आणि दुसरी नको असं होत नाही. फक्त विजापूर रोडला पावसाळ्यानंतर जे धारदार कडेचे खड्डे पडतात तिथं जपून, अशा टायरला रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेमटून साईडवॉलवर फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. खड्डा चुकवता येत नसेल तर आधी ब्रेक मार आणि खड्ड्यात चाक जायच्या क्षणी ब्रेक सोड, ब्रेक दाबलेला असला की पुढचं सस्पेन्शन आधीच खाली बसलेलं असतं, त्याला मार खायला जागाच उरत नाही.

हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी हलवायच्या आधी. स्वतःचं गेज घे, तीन-चारशेत चांगलं मिळतं. पंपावरच्या मशीनचा आकडा आणि आपल्या गेजचा आकडा यात दोन-तीनचा फरक मी कायम बघतो. आणि आपल्या उन्हात एक चूक लई लोक करतात, दुपारी हायवेवर हवा जास्त दाखवली की काढून टाकतात, मग सकाळी तीच गाडी कमी हवेवर पळते आणि कमी हवेचा टायरच लवकर तापून फुटतो. गरम टायरची हवा कधी काढायची नाही.

आता "ओढत नाही"चं. हे जरा सावकाश वाच, कारण सगळी गोम इथं आहे.

तुझी स्विफ्ट डिझेल, ७५ पीएस, पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, १९० एनएम आणि तोही २,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर. नव्या गाडीचा टॉर्क १७२ एनएम. म्हणजे खालच्या आरपीएमला तुझी जुनी गाडी खरंच जास्त ओढत होती, तुझ्या पायाला जे जाणवलं ते खोटं नाही. मग १२० पीएस कुठं गेले? पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. डिझेल साडेचार हजारला दमून जातं, ही सहा हजारला पोचते, आणि ते १२० पीएस तिथं सहा हजारला आहेत, दीड हजारला नाहीत. तू गावात चाळीसच्या स्पीडला पाचवा गिअर टाकतोस, मी शेजारी बसून बघितलं. डिझेलमध्ये ते चालायचं. हिच्यात तेव्हा आरपीएम बाराशे-तेराशेवर असतो, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, तो फिरवायला एक्झॉस्टमधनं पुरेसा गॅसच येत नाही, म्हणजे त्या क्षणी तू एक लिटरची, तीन सिलिंडरची, बिनटर्बोची गाडी चालवत असतोस. ९९८ सीसी. ती काय ओढणार? वर तू रागानं अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबतोस.

ते दाबणं थांबव, आणि हे मी नुसत्या पिकअपसाठी सांगत नाही. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएम, मोठा गिअर आणि तळाला दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर हे तिन्ही एकत्र आलं की प्लग ठिणगी टाकायच्या आधीच सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायची शक्यता असते. पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याच्या डोक्यावर. त्याला एलएसपीआय म्हणतात, लो स्पीड प्री इग्निशन. एखाद्या जोरदार ठोक्यात पिस्टनची रिंग बसायची जागा तुटू शकते. इंजिन ऑईलवाल्यांनी यासाठी वेगळी ग्रेड काढली, २०१८ ला एपीआय एसएन प्लस आणि २०२० ला एपीआय एसपी, ते उगाच नाही काढलं. म्हणून जोर हवा असेल तर आधी गिअर खाली, मग पाय. गावात दुसरा-तिसरा, आरपीएम १,८०० च्या वर ठेव. १,५०० ते ४,००० या पट्ट्यात हिचा पूर्ण टॉर्क आहे, तिथं राहिलास तर सात रस्त्याच्या सिग्नलवरनं निघताना कोणाला मागनं हॉर्न मारायची वेळ येणार नाही.

माझं स्वतःचं कधी जुळलं सांगतो. सुमारे अडीच हजार किमी झाले होते, टेंभुर्णीच्या पुढं सकाळी एक कंटेनर आणि त्याच्या मागं मी, वेग सत्तर. सवयीनं पाचव्यावर दाबली, गाडी सावकाश सरकायला लागली, मी पाय काढला. मग सरळ तिसरा टाकला, आरपीएम साडेतीन हजारच्या आसपास गेला आणि दाबली. दोन गिअर एकदम उतरवायचे हे डिझेलवाल्याला पापासारखं वाटतं. पण गाडी अशी निघाली की कंटेनर आरशात गेल्यावर मी स्वतःशीच "अरे!" म्हणालो. तेव्हापासनं मी या गाडीच्या प्रेमात आहे, खोटं कशाला बोलू.

दुपारची मरगळ. ही खरी आहे, तुझा भास नाही, आणि गाडीत बिघाडही नाही. ४३ डिग्रीची हवा २५ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण सहा टक्के पातळ असते, तेवढा ऑक्सिजन कमी. टर्बो ती हवा दाबतो तेव्हा ती अजून तापते, मग पुढचा इंटरकूलर तिला गार करणार, पण त्याच्यावर येणारं वारंच ४३ डिग्रीचं, तो गार करणार किती? हवा गरम म्हणजे नॉकिंगची, पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसायची भीती, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर काढून घेतो. इंजिन वाचवण्यासाठीच आहे ते. वर एसी फुल्ल. मी मुद्दाम एकाच आठवड्यात तुळजापूरचा घाट दोनदा चढून बघितला, एकदा सकाळी साडेसहाला आणि एकदा दुपारी अडीचला, दोन्ही वेळेला एकटाच आणि एसी चालू. सकाळी चौथ्यावर मजेत चढली, त्याच वळणावर दुपारी तिसरा घ्यावा लागला. आपलं सोलापूर आहे, मार्च ते जून हे असंच राहणार. गाडीबद्दल मत बनवायचं असेल तर सकाळी सातच्या आत तामलवाडीपर्यंत एक चक्कर मार आणि मग बनव.

पेट्रोलचं विचारलंस, ९५-१०० ऑक्टेनचं महागडं टाकू का. माझ्या मते कंपनीनं मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय ते पुरेसं आहे, रोजच्या वापरात वरच्या पेट्रोलचा फरक मला खिशात जास्त आणि गाडीत कमी जाणवला. फक्त मे महिन्यात लांब, भरलेली गाडी घेऊन जायचं असेल तर मी एखादी टाकी ९५ ची भरतो, दुपारी किंचित मोकळी चालते. तेवढंच.

मायलेज. वडलांना आधी हे समजावून सांग की डिझेलच्या २० शी पेट्रोल टर्बोची बरोबरी होणारच नाही. आणि आता पंपावर जे मिळतं ते ई२०, वीस टक्के इथेनॉल, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल कदाचित, पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के तिथंच गेले. जुन्या गाडीच्या काळातले आकडे डोक्यात ठेवून हिशोब करू नकोस. दुसरं, तुझं घर ते ऑफिस पाच किमी. इंजिन तापायच्या आत तू पोचलेला असतोस, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, त्यात आसरा चौक आणि पुढचे सिग्नल. त्यात ११ मिळत असेल तर मला काही वाईट वाटत नाही. मला गावात १२ ते साडेबारा मिळतात, पुण्याला ९० च्या स्पीडनं गेलो की १८ च्या आसपास, आणि त्याच रस्त्यावर ११५-१२० नं गेलो तेव्हा १४ वर आलं. स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नकोस, टाकी ऑटो कटपर्यंत फुल्ल कर, ट्रिप शून्य कर, पुन्हा त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भर आणि भाग. पहिल्या कटनंतर पंपवाला दहा-दहा रुपयांनी राऊंड फिगर करायला बघतो, त्याला नको म्हण. टाकी ३७ लिटरचीच आहे, त्यामुळं दोन-तीन वेळा करून सरासरी काढ.

टिकटिक तर विसरून जा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल फार मोठ्या प्रेशरनं सरळ सिलिंडरमध्ये फवारतात, त्या हाय प्रेशर पंपाचा आणि इंजेक्टरचा तो आवाज आहे, थंड असताना जास्त येतो. तीन सिलिंडर असल्यानं उभ्या गाडीत सीटला हलकी थरथर येते तीही तशीच. मात्र चढावर, जोर दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर तो वेगळा, तेव्हा लगेच पाय काढायचा आणि मला फोन करायचा.

तुझं रनिंग-इन, म्हणजे नवीन इंजिन जपून चालवायचा काळ, झालंय, पण ज्यांनी आत्ता घेतलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिले हजार किमी इंजिन २,००० ते ४,००० मध्ये, एकाच स्पीडवर तास तास नाही, तळाला पाय नाही. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक रेघा असतात, पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून एकमेकांशी बसतात, बदलता वेग आणि बदलता जोर मिळाला की नीट बसतात. ब्रेक पॅड आणि टायर यांनाही दोन-तीनशे किमी लागतात, नव्या टायरवर एक गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड कमी असते. गाडी घेतली की त्याच संध्याकाळी मित्रांना घेऊन हायवेला पळवायची हौस असते, मी समजू शकतो, पण ती महिनाभर पुढं ढकला.

ऑईलबद्दल मात्र मी कडक आहे. मॅन्युअलमध्ये जी ग्रेड दिलीय तीच, दुसरी नाही, कोणी कितीही सांगितलं की आपल्याकडं ऊन जास्त म्हणून जाड ऑईल घाला. मागच्या वर्षी माझ्याकडं एक टर्बो हॅच आली होती, दुसरीकडं कुठंतरी जाड २०डब्ल्यू-४० भरून दिलेली, मालकाला वाटलं स्वस्तात सर्व्हिस झाली. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, दीड-दोन लाखांपर्यंतसुद्धा, आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. सकाळी थंड असताना जाड ऑईल त्या बारीक नळीतनं वर पोचेपर्यंत दांडा कोरडा फिरतो. मी तो टर्बो हातात घेऊन त्या माणसाला दांडा बोटानं हलवून दाखवला, खडखड हलत होता. तो माणूस रिक्षा चालवून पोरगी शिकवणारा, जुनी गाडी हौसेनं घेतलेली. वाईट वाटलं मला. म्हणून दर हजार किमीला डिपस्टिक काढून बघायची सवय लाव, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. आणि हायवेला जोरात आल्यावर ढाब्यावर लगेच चावी फिरवू नकोस, अर्धा-एक मिनिट चालू ठेव, टर्बो गार होऊ दे. गावातनं आल्यावर याची गरज नाही.

डीसीटी घेतली असती तर बरं झालं असतं का, असंही विचारलं होतंस. ती दोन क्लचची ऑटोमॅटिक, सात गिअरची, स्टिअरिंगमागे पॅडल वगैरे, ट्रॅफिकमध्ये आराम आहेच. पण गिअर बदलायचं सुख तुझ्या हाताला हवं होतं म्हणून तू ही घेतलीस, आणि माझा सल्लाही हाच असता. ज्यांच्याकडं डीसीटी आहे त्यांनी एवढंच पाळा, चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका आणि गड्डा यात्रेच्या गर्दीत इंच इंच सरकवू नका, दोन गाड्यांचं अंतर पडू द्या मग निघा, आत क्लचच आहे, तो तापतो.

आता जे मला मनापासनं सांगायचंय ते. दहा वर्षांत माझ्या हाताखालनं पोलो जीटी टीएसआय गेल्या, १४५ पीएसची अबार्थ पुंटो गेली, बलेनो आरएस गेल्या. मालक पोरं यायची तेव्हा सगळे सांगायचे किती पळाली. किती लवकर थांबली हे सांगणारं एकही आठवत नाही. तुझ्या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत, या पैशातल्या बऱ्याच हॅचला मागे ड्रमच असतात. मला विचारशील तर दहा हजारांचा फरक मोजायचा असेल तर मी पॉवरच्या आधी डिस्क ब्रेकसाठी मोजीन.

दिवाळीनंतर ऊस सुरू झाला की आपल्याकडचे रस्ते तुला माहितेत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, ऊस दोन्ही बाजूनी बाहेर आलेला, आणि बैलगाड्या वेगळ्याच. आता साधा हिशोब कर. लो बीममध्ये अंधारात अशी काळी ट्रॉली फार तर ५०-६० मीटरवरनं दिसते. ८० च्या स्पीडला तुझ्या पायाला ब्रेकवर यायला एक सेकंद धरला तर २२ मीटर गेले, मग थांबायला कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर साधारण ३१ मीटर, मिळून ५३. म्हणजे कसाबसा वाचलास. १०० ला तेच २८ अधिक ४९, म्हणजे ७७ मीटर. ट्रॉली ६० वर आहे. इथं गाडी कुठल्या कंपनीची, सहा एअरबॅग का दोन, पॅड कुठले, कशानंच १७ मीटर भरून निघत नाहीत. मोहोळच्या अलीकडं मी असा एक पोरगा गाडीतनं काढायला मदत केलीय, आमच्याच गल्लीतला, गाडी जलद होती आणि चालवणाराही चांगला होता. तो पाय आता वाकत नाही त्याचा. म्हणून अंधार पडल्यावर नोव्हेंबर ते मार्च ८० च्या खाली, हे माझं घरातल्या सगळ्यांना सांगणं आहे आणि तुलाही.

याच्या उलट, दिवसा ओव्हरटेकला हीच गाडी तुला सुरक्षित ठेवते. दुपदरी रस्त्यावर, म्हणजे मंगळवेढ्याकडं किंवा बार्शीकडं, समोरच्या लेनमध्ये तू जितका कमी वेळ असशील तितकं चांगलं. आधी तिसरा टाक, मग मागं-पुढं बघ, मग इंडिकेटर, मग बाहेर पड, गिअर बाहेर पडल्यावर बदलायचा नाही. आणि रिकाम्या रस्त्यावर एकदा, मागं कोणी नाही बघून, ६० वरनं ब्रेक पूर्ण दाबून बघ, एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, पायाखाली कसं थरथरतं ते कळू दे. पहिल्यांदा कळतं तेव्हा लोक दचकून पाय काढतात, आणि ते नेमकं जीवावरच्या वेळी होतं.

वडलांना एका रविवारी पहाटे गाडी चालवायला दे. शेजारी बसवून पळवून दाखवू नकोस, त्यांच्याच हातात दे आणि तिसऱ्या गिअरला चढवायला सांग. माझ्या वडलांनी महिनाभर नावं ठेवली होती, अक्कलकोटला जाऊन आल्यावर काही बोलले नाहीत, पण आता स्वामींच्या दर्शनाला जायचं म्हटलं की चावी आधी त्यांच्या हातात असते.

रिमॅप नको. स्पष्ट नको. वॉरंटी जाते हे एक, विम्यात गाडीत केलेला बदल कळवला नाही तर क्लेमला अडचण येऊ शकते हे दुसरं, पण माझं कारण वेगळंय. कारखान्यातनं येताना त्या कॉम्प्युटरमध्ये जी पॉवर राखून ठेवलेली असते ती आपल्या ४३ डिग्रीसाठी, भेसळीच्या एखाद्या टाकीसाठी, चुकलेल्या गिअरसाठी असते. रिमॅपवाला तीच राखीव पॉवर तुला विकतो. एन लाईन म्हणजे परदेशात मिळायची ती २०४ पीएसची आय२० एन नाही, त्या गाडीत १.६ लिटरचं इंजिन होतं, क्लच, ब्रेक, सगळं त्या ताकदीचं होतं. नावात एन आहे म्हणून हिच्याकडनं ते मागू नकोस.

जे पैसे तू रिमॅपला काढलेत ते बाजूला ठेव आणि हे टायर झिजले की चार चांगले टायर घाल, याच साईजचे, उगीच रुंद नकोत. घेताना साईडवॉलवर डॉट लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच, २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वर्षाच्या वर जुना देत असेल तर घेऊ नकोस, आणि बसवायला माझ्याकडं सकाळीच आण, हवा थंड टायरवरच भरू.